अंगरखा उसवताना

आमच्या घरात पाऊल टाकायच्या आधी खाली बघायची सवय सगळ्यांना होती, कारण जमिनीवर सुई असू शकत होती. चामोर्शीला बाजाराच्या रस्त्यावर आमचं घर होतं. पुढची पडवी म्हणजे बाबांचं दुकान, मागे दोन खोल्या, आणि त्यामागे परसात मायची चूल व पोपटाच्या शेंगांचा मांडव. (वालाच्या शेंगांना आमच्याकडे पोपट म्हणतात. मुलाकडे पुण्याला राहायला आले तेव्हा मंडईत मी पावशेर पोपट मागितले, तर भाजीवाली माझ्याकडे बघतच राहिली.) बाबांची मशीन दिवसभर चालायची आणि नुसत्या आवाजावरून मला आतल्या खोलीत कळायचं की आज काय शिवणं चाललं आहे. कोऱ्या मांजरपाटावर ती अडखळत, खरखरत चालायची. धुतलेल्या जुन्या कापडावर तिचा आवाज मऊ व्हायचा. आणि बंडीच्या खिशाच्या कोपऱ्याशी चार पदर एकत्र आले की बाबा चाक हाताने फिरवायचे, तेव्हा टक, टक असे सुटे आवाज यायचे. माय काजं करायची आणि तुरपाई करायची. दुपारी अंबाडीची भाजी, भात आणि सुकटीची चटणी असा आमचा स्वयंपाक. पण जेवायच्या आधी तिघांनीही हात राखेने घासून धुवायचे, कारण जेवल्यावर पुन्हा कपड्याला हात लावायचा असे.

माझ्याकडे काम होतं उसवण्याचं. थोराचा सदरा लहानाला करायचा, बाहेर आलेली शिवण आत घ्यायची, विटलेल्या बाजूचं कापड उलटवायचं, अशी कामं फार येत. लोक कपडा टाकत नसत. तो आला की बाबा माझ्यापुढे ठेवायचे आणि मी पातीने टाके तोडत बसायची. बाबांचा एक नियम होता: उसवताना निघालेला धागा सोडून बाकी काही टाकायचं नाही. कापडाच्या बोटभर चिंध्यासुद्धा गाठोड्यात बांधून गिऱ्हाइकाला परत जायच्या. सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, ही म्हण आमच्या पडवीत बसून लोक हसत हसत म्हणायचे. बाबाही हसायचे, आणि लोक गेले की त्यांचं गाठोडं पुन्हा एकदा सोडून तपासायचे. "कपडा त्याईचा, चिंधीबी त्याईचीच," एवढंच म्हणायचे.

बाजाराच्या दिवशी बाबा मशीन चिंचेखाली नेऊन मांडत आणि शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसत असे. मला कपडे बघायचा नाद तिथे लागला. मिठाला, माठाला, तंबाखूला लोक लांबलांबून यायचे आणि प्रत्येकाच्या अंगावर त्याचं गाव असायचं. आमच्या बाजूच्या धान लावणाऱ्या बाया लुगड्याचा काष्टा घट्ट मारून निऱ्या गुडघ्याच्या वर खोचायच्या, कारण चिखलात उभं राहायचं असे. मासे विकणाऱ्या ढिवरांच्या बायांचा पदर कमरेला दोनदा गुंडाळलेला असायचा. दक्षिणेकडून, जंगलातून येणाऱ्या गोंड बाया आखूड पातळ वेगळ्याच खांद्यावर टाकायच्या. सिरोंच्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या बाया दिसल्या की मी त्यांच्या मागे मागे फिरायची, त्यांच्या निऱ्या कुठे उघडतात ते बघायला. एकदा एका बाईने वळून मला काऊन मागं येऊन राह्यली म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती तिथेच भाजीच्या पाटीशेजारी थांबली आणि तिने पदर सोडून, पुन्हा घेऊन दाखवला.

मग मार्कंड्याची जत्रा आली. महाशिवरात्रीला सगळं गाव वैनगंगेच्या काठी त्या देवळाला लोटायचं. मीही दर वर्षी जायची, पण त्या वर्षी रांगेत उभी असताना माझी नजर देवाकडे न जाता भिंतीवरच्या दगडी बायांकडे गेली. त्यांनी काय नेसलं आहे? मांड्यांवरून रेघा गेल्या होत्या, मध्ये निऱ्यांसारखा पट्टा लोंबत होता, कमरेला किती पदरी साखळ्या होत्या. पण कापड सुरू कुठे होतं आणि संपत कुठे होतं? मी रांग सोडली आणि देवळाभोवती फिरत राहिले. घरी येऊन मायचं जुनं लुगडं घेऊन चार दिवस खटपट केली. शेवटी काष्टा मागे न नेता पुढचं टोक तसंच सोडलं, तेव्हा तो पट्टा जसाच्या तसा पडला. तेव्हा मला झालेला आनंद नेमका कशासारखा होता हे मला आजही सांगता येत नाही. मी सातवीत होते. सातवीनंतर मला शाळेतून काढून काजाबटणाला बसवायचं, हे मायने ठरवलंच होतं, आणि त्याबद्दल मला तोवर विशेष काही वाटलंही नव्हतं.

अंगरखा आमच्याकडे आला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. नदीपलीकडच्या गावचे लहाने मालगुजार स्वतः घेऊन आले. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, तेव्हा गेली होती, पण लोक त्यांना मालगुजारच म्हणत. त्यांना नातू झाला होता. सव्वा महिन्याच्या बारशाला वाडवडिलांच्या कपड्यातलं कापड बाळाच्या अंगाला लागलं पाहिजे, अशी त्यांच्या घरची रीत होती. म्हणून पेटीत पडलेला हा अंगरखा कापून झबलं, कुंची आणि दुपटं करायचं होतं. भोसल्यांच्या राज्यातला आहे म्हणतात, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. ते गेल्यावर बाबांनी हात दुसऱ्यांदा धुतले आणि मग तो उलगडला.

मधाच्या रंगाचं कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं, कापड होतं, आत पांढरं सुती अस्तर, आणि दोहोंच्या मध्ये पिंजलेल्या कापसाचा इतका पातळ थर की बोटांना जेमतेम लागावा. कडेने तांबडी मगजी. छातीवर गोल कापलेला गळा आणि त्याच्या आत दुसरा पडदा, वर बांधायचे बंद. कमरेपासून खाली कळ्याच कळ्या, म्हणजे वर निमुळते आणि खाली रुंद असे तुकडे जोडलेले, त्यामुळे धरला की घेर छत्रीसारखा उघडायचा. यात बटण एकही नव्हतं आणि मशीनचा टाकाही नव्हता. बाबा बराच वेळ शिवणींवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, ज्याने हे शिवलं त्याच्या घरी मी पाणी भरलं असतं. आणि तो माझ्यापुढे ठेवून, सांभाळून उसव, म्हणाले.

मी तीन दिवस उसवत होते. आयुष्यात पुढे खूप कपडे हाताळले, पण तसे तीन दिवस पुन्हा आले नाहीत. प्रत्येक तुकडा सुटला की मी तो कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची आणि शाळेच्या वहीत त्याचं लहान चित्र काढून शेजारी लिहायची: कुठून निघाला, कशाला जोडला होता, टाके किती बारीक. कागदावर तुकडे मांडले की कळायचं, की त्या शिंप्याने कापड जराही वाया जाऊ दिलं नव्हतं. एका कळीची तिरपी बाजू दुसरीच्या तिरप्या बाजूला लागून कापलेली होती. बाहीतून जो चौकोन उरला असणार, तोच त्याने बगलेत बसवला होता, हात वर करताना कापड ताणू नये म्हणून. त्याला चौबगला म्हणतात हे मला बाबांनी सांगितलं. आपल्या जन्माच्या कितीतरी आधी मेलेला एक माणूस आपल्याशेजारी बसून कसा विचार करत होता, ते मला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी मी डाव्या बगलेला हात घातला. तिथला चौबगला उजवीकडच्याहून दुप्पट मोठा होता आणि कापडही जरा वेगळं होतं. त्याच्या तीन बाजू मी भराभर तोडल्या. चौथ्या बाजूला आले तेव्हा उन्हाची तिरीप पडवीत आली होती आणि त्या उजेडात मला दिसलं की इथले टाके उलटे कलले आहेत. बाकी सगळ्या अंगरख्याची तुरपाई एका बाजूला झुकत होती, ही दुसऱ्या. मी सुई घेऊन चिंधीवर करून पाहिलं. उजव्या हाताने काही केलं तरी टाका तसा कलत नव्हता. डाव्या हातात सुई घेतल्यावर कलला. म्हणजे हे शिंप्याचं काम नव्हतं. कोणा डावखुऱ्या माणसाने मागाहून ही बगल उघडून मोठी केली होती. मी पुन्हा डावा खांदा चाचपला, तर तिथे अस्तराच्या आत कापसाची एक लहानशी गादी भरलेली होती, उजवीकडे नव्हती. मी वहीत लिहिलं: घालणाऱ्याचा डावा खांदा खाली आलेला. डावा हात वर होत नसे, म्हणून बाहीत घालायला बगल मोठी. मग इतिहासाच्या पुस्तकातली चित्रं आठवून पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं: लढाईत खांद्यावर तलवारीचा वार.

त्या दिवशी बाबा कात्रीला धार लावून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी कापायचं ठरलं होतं. ते जेवायला आत गेले तेव्हा मी तो डाव्या बाजूचा तुकडा, एका बाजूने लोंबणाऱ्या चौबगल्यासकट, घडी करून माझ्या दप्तराच्या अस्तरात सरकवला आणि वर चार टाके घातले. कोणता विचार करून केलं असं मी म्हणणार नाही. एवढंच मनात होतं की एक तुकडा कमी असला तर कापता येणार नाही.

सकाळी बाबांनी चटईवर तुकडे मांडले आणि ते थांबले. पुन्हा मोजले. "वच्छे, डावी बगल कुठी हाये?" त्यांनी विचारलं. मी नाई माहीत म्हणाले. मायने कोठीतले तांदूळ उपसून पाहिले, पोपटाचा मांडव पाहिला, अंथरुणं झटकली. बाबांनी बाजाराच्या रस्त्याने खाली बघत दोन चकरा मारल्या. त्या दिवशी ते ताटावरून तसेच उठले. दुसऱ्या दिवशीही मशीन बंद होती. आमच्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि तरीही मी बोलले नाही. आज इतक्या वर्षांनी मला कोणी विचारलं की तुझ्या हातून सर्वांत वाईट काय झालं, तर मी ते दोन दिवस सांगेन.

तिसऱ्या दिवशी दारात रेंगी, म्हणजे लहान बैलगाडी, थांबली. लहाने मालगुजार आले नव्हते, त्यांची आत्या आली होती. साठीच्या पुढची, बालपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली ही बाई. सगळं गाव तिला आत्याबाई म्हणे. तिला बाजारातून बारशाची खरेदी करायची होती आणि जाता जाता कपडे न्यायचे होते. बाबांनी तिला चटईवर बसवलं, पाणी दिलं आणि समोर उभे राहून हात जोडले.

"आत्याबाई, एक तुकडा माह्या घरून गेला," ते म्हणाले. "मी हरवला म्हणतो. तुमी चोरला म्हणाल, तरी मले बोलाले तोंड नाई."

बाबा जोडलेले हात खाली घेईनात. मी आत जाऊन दप्तर आणलं, टाके तोडले आणि तुकडा आत्याबाईंच्या पुढे ठेवला. मी लपवला होता, असं म्हणाले. माय दाराची चौकट धरून उभी होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

"काऊन लपवला, पोरी?" आत्याबाईंनी विचारलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"बाबा कापणार होते."

"कापालेच आणला होता ना तो."

मग मी वही आणली. रडू येत होतं म्हणून घाईघाईने, एकामागून एक सगळं सांगितलं: कळ्या कशा कापल्या आहेत, उजवा चौबगला कुठून आला, डावा मोठा का, खांद्यातली गादी, उलटे टाके. हे शिंप्याने नाही शिवलं, कोणीतरी डावखुऱ्याने शिवलं आहे, आणि घालणाऱ्याला लढाईत तलवार लागली होती, असं मी म्हणाले.

आत्याबाई हातातल्या तुकड्याकडे बघत होत्या. "तलवार कसची बाई," त्या हळू म्हणाल्या. "अस्वल होतं. मी लहान होतो. बाबा मोहफुलं पाहाले जंगलात गेले आन् अस्वलानं खांदा धरला. जीव वाचला, पन हात मंग वर झालाच नाई."

मी वहीतली ती ओळ तिथेच खोडली. माझं मोजमाप बरोबर होतं आणि गोष्ट चुकली होती. पुढे हे मी शेकडो मुलींना शिकवलं, की कपडा अंगाचं सांगतो; अंगावर काय गुदरलं ते माणसाला विचारावं लागतं.

आत्याबाईंनी तुकडा उजेडाकडे धरला आणि टाके दाखव म्हणाल्या. मी बोट ठेवलं. त्यांनी त्यावरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग त्या सांगू लागल्या, कोणाकडे न बघता. हा अंगरखा त्यांच्या आजोबांचा, नंतर वडिलांनी सणावाराला घातलेला. आणि त्यांची माय डावखुरी होती. डाव्या हाताने वाढते म्हणून सासूने तिला पंगतीत वाढू दिलं नाही, पूजेचं काही करू दिलं नाही. ती आपली एका कोपऱ्यात शिवत बसायची. आत्याबाई सात वर्षांच्या असताना ती गेली. तिची लुगडी रीतीप्रमाणे वाटून टाकली. तिची म्हणून एकही वस्तू त्या घरात उरली नाही, असं त्या आजवर समजत होत्या.

"कापू नका, महादेवभाऊ," त्या शेवटी म्हणाल्या. "जसा होता तसा करून द्या."

बाबांनी मान हलवली, पण आपण दिलेल्या शब्दाची त्यांना काळजी होती. लहान्या मालगुजारांना काय सांगायचं, बारशाची रीत कशी सांभाळायची? भाच्याचं मी पाह्यतो, असं आत्याबाई म्हणाल्या. रीतीचा मार्ग बाबांनी काढला. त्यांनी कळ्यांच्या खालच्या कडेवरची जुनी घडी दाखवली. त्या जुन्या शिंप्याने आत चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं, कधी उंची वाढवावी लागली तर म्हणून. तेवढ्यात बाळाची कुंची होईल, असं ते म्हणाले. बाकीचे कपडे नव्या कापडाचे शिवू.

रेंगी गेल्यावर बाबा मशीनपाशी गेले. तिच्यावरचं फडकं काढलं, पुन्हा घातलं. मी कोपऱ्यात उभी होते. मग ते चटईवर बसले, तो तुकडा मांडीवर घेतला आणि चष्मा पुसला. "तीस वर्सं झाली मले शिवताना," ते म्हणाले. "मले नाई दिसलं. कुठी पाह्यलं तू, दाखव." मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

तो अंगरखा परत जोडायला आम्हाला आठ दिवस लागले. मशीन लावायची नाही, हे दोघांनाही न बोलता माहीत होतं. माझ्या वहीतली चित्रं पुढे ठेवून आम्ही तुकडा तुकडा लावत गेलो आणि जुन्या सुईच्या छिद्रांतूनच नवा धागा ओवत गेलो. कापडाला ती वाट अजून आठवत होती. माय मध्येच येऊन बघायची. चौथ्या दिवशी ती बाबांना म्हणाली की पोरीची वही भरत आली, बाजारातून दुसरी आणा. शाळेबद्दल ती त्यानंतर काही बोलली नाही, आणि जूनमध्ये मी आठवीच्या वर्गात जाऊन बसले.

डावी बगल शेवटी राहिली. एक बाजू अजून त्या माउलीच्या टाक्यांनी धरलेली होती. तीन मी तोडल्या होत्या. बाबांनी डाव्या हातात सुई धरून पाहिली आणि दोन टाक्यांतच बोट टोचून घेतलं. मग मी घेतली. माझे टाके वेडेवाकडे पडले, एक लांब, एक आखूड, पण कलले ते तिच्याच बाजूला. मी पुन्हा उसवून नीट करते म्हणाले, तर बाबांनी हात धरला. "राहू दे," ते म्हणाले. "उद्या कोनी पाह्यलं तर त्याले समजलं पाह्यजे, का हे मागून शिवलं."

अंगरखा द्यायला आम्ही दोघं नावेने पलीकडे गेलो. बारसं दोन दिवसांवर होतं, घरात बाया पापड लाटत होत्या. आत्याबाईंनी आम्हाला ओसरीवर बसवलं आणि अंगरखा मांडीवर घेतला. त्यांनी तो उलगडून बघितला नाही. सरळ डाव्या बाहीतून हात घातला, बगलेपर्यंत नेला आणि डोळे मिटले. त्यांचं बोट आत सावकाश फिरत होतं. एके ठिकाणी ते थांबलं, थोडं मागे आलं, पुन्हा पुढे गेलं.

"हे कोनाचे टाके?" त्यांनी विचारलं.

"माझे जी."

"तू डावखुरी हायेस?"

"नाई जी," मी म्हणाले. "एवढ्यापुरती."

आत्याबाईंनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी दुसरा हात पुढे केला, चाचपत माझा हात शोधला, आणि तोही बाहीत ओढून घेतला.